दोन स्क्रीन आणि एक हुंकरू

टायपिंग शिकायला मी भंडाऱ्यातल्या ज्या इन्स्टिट्यूटमध्ये जायचो, तिथले सर टाइपरायटरवर पुठ्ठ्याचं झाकण बसवत. बोटं दिसता कामा नयेत. नजर कॉपीवर, हात कीबोर्डवर, आणि कागदावर काय उमटलं ते पान संपल्यावर बघायचं. मध्येच बघणारा कच्चा. मी लवकरच पक्का झालो. इतका पक्का, की पुढे संसारातल्याही कितीतरी गोष्टी मी पान संपल्यावरच बघितल्या.

बायको जाऊन आता दीड वर्ष होईल. ती भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढच्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होती आणि मी कॉलेजात ग्रंथपाल. घरात संगणक आला तो तिच्यामुळे. शाळेची सगळी माहिती ऑनलाइन भरायची असं झालं, तेव्हा तिने तो घेतला, चार दिवस वैतागली आणि पाचव्या दिवशी शिकली. मला म्हणाली, "तुम्हाले तं टायपिंग येते ना? बसा की जरा. मले दोन बोटांनी टकटक करा लागते." मी पुस्तकातून मान वर न करता हूं म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं, मी पुन्हा हूं म्हणालो. ती निवृत्त होईपर्यंत दोन बोटांनीच टायपिंग करत राहिली.

तिच्या मागे एक वही राहिली. दोनशे पानी, पेन्सिलने लिहिलेली. तिचं माहेर सिहोऱ्याचं. तिकडच्या बोलीतले शब्द ती वर्षानुवर्षं त्या वहीत टिपत होती. धानाची रोपं लावणाऱ्या रोवणीच्या बायांकडून, आईकडून, मावशीकडून. मावशी नदीपलीकडच्या एका गावात दिलेली. तिच्या शब्दांपुढे बायकोने बारीक अक्षरात नोंद केलेली: "मावशीचा. जिल्हा फुटला तवापासून गोंदियात गेला." जणू शब्दालाही नवीन तहसीलचा दाखला काढावा लागणार होता.

प्रत्येक नोंदीत आधी शब्द, मग अर्थ, मग एक वाक्य. पण बऱ्याच ठिकाणी 'अर्थ' एवढंच लिहून पुढची जागा कोरी होती. एकदा मी वही सहज चाळली होती आणि ग्रंथपालाच्या नात्याने विचारलं होतं, अर्थ का नाही लिहिले? ती म्हणाली, "मले ठाऊक आहेत, ते कायले लिहू?" हे तिचं म्हणणं ती होती तोवर अगदी बरोबर होतं.

आमच्याकडे पहिल्या स्मृतिदिनाला, वंदना झाल्यावर, आलेल्यांना काहीतरी वाचायला द्यायची पद्धत आहे. कोणी फोटोची पत्रिका छापतं, कोणी पुस्तकं वाटतं. मी ठरवलं, तिच्या शब्दांची पुस्तिका करायची. छापखानेवाल्याने तारीख दिली. मी वहीतले कोरे अर्थ मोजले. तेवीस भरले.

आता सरळ मार्ग असा होता की सिहोऱ्याला मेहुणीला फोन लावायचा आणि तेवीस अर्थ विचारून घ्यायचे. ते मला जमेना. कारण लाजिरवाणं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, याच मेहुणीसमोर, बायको मोठ्या हौसेने एक शब्द सांगत होती, आणि मी म्हणालो होतो, "हा काही कोशात सापडत नाही." बायको गप्प झाली. मेहुणी गप्प झाली नाही. ती म्हणाली, "मंग तुमच्या कोशाले आणा एक दिवस रोवणीले." तेव्हापासून तिकडे मला अधूनमधून 'कोश' म्हणत. त्याच कोशाने आता तेवीस रिकाम्या जागा घेऊन तिच्या दारात जायचं, हे मी रोज उद्यावर ढकलत होतो. जमतील तेवढे अर्थ मी अंदाजाने भरत होतो. आयुष्यभर पुस्तकं सांभाळलेल्या माणसाला आपला अंदाज फार खरा वाटतो.

मुलगी पुण्यात असते. तिचं काम मला अजून नीट सांगता येत नाही. लोक संगणक वापरत असताना ती मागे बसून बघते की ते कुठे अडतात, आणि मग ती जागा सोपी कशी करावी ते लिहून देते. सुट्टीत आली तेव्हा ती माझ्याही मागे बसली. वहीतली पेन्सिल फिकी, माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. तिने वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढले, संगणकावर टाकले आणि बाजारातून दुसरा मॉनिटर आणून टेबलावर ठेवला.

"हे बघा बाबा. डावीकडच्या स्क्रीनवर आईच्या वहीचं पान, मोठ्ठं करून. उजवीकडच्या स्क्रीनवर तुमची फाइल. इकडं बघायचं, तिकडं टाइप करायचं."

मी खूश झालो. हे तर माझंच जुनं प्रशिक्षण. कॉपी डावीकडे.

अडचण माउसची होती. दोन स्क्रीन झाल्यावर बाण कुठे असतो ते मला सापडेना. मी तो उजवीकडे शोधायचो, तो डावीकडे तिच्या अक्षरांत कुठेतरी उभा असायचा. शिवाय हात कीबोर्डवरून उचलणं हे माझ्या सरांच्या मते पापच. तेव्हा मुलीने दुसरा उपाय शिकवला. ऑल्ट दाबून ठेवायचं आणि टॅब दाबायचं. उघड्या विंडोंची छोट्या चित्रांची पट्टी समोर येते, हवी ती आली की बोट सोडायचं.

ही सोय ज्याने केली त्याने कधी ग्रंथालयात काम केलेलं नसावं. ग्रंथालयात पुस्तकाला एक जागा असते. कोणी वाचो न वाचो, वीस वर्षांनी गेलात तरी ते त्याच कपाटात, त्याच फळीवर. इथे तसं नाही. ज्या विंडोला शेवटचा हात लागला ती पहिली, आणि जिच्याकडे बराच वेळ कोणी गेलं नाही ती रांगेत मागे मागे जाते. विंडो स्क्रीनवर डावीकडे आहे की उजवीकडे, याच्याशी पट्टीला काही देणंघेणं नाही. मी मनात जागा लक्षात ठेवायचो, आणि रांग दर मिनिटाला बदलायची.

दुसरं म्हणजे पट्टी दिसायची उजव्या स्क्रीनवर. माझी नजर असायची डावीकडे. म्हणजे निवडा म्हणून पाटी लागायची एका खोलीत आणि मी बसलेलो दुसरीत. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड: एवढं करून चालू विंडो कोणती हे ओळखायचं कसं? वरची पट्टी जराशी गडद होते म्हणे. मोतीबिंदूच्या डोळ्याला दोन्ही सारख्याच.

"बाबा, टाइप करायच्या आधी एकदा उजवीकडं बघत जा ना."

"बघणारा कच्चा," मी म्हणालो.

"कोण म्हणते असं?"

मी सरांची गोष्ट सांगितली. तिने ती आपल्या वहीत लिहून घेतली. मला वाटलं कौतुकाने. नंतर कळलं, अडलेल्या लोकांच्या यादीत.

ती पुण्याला परत गेली. त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं.

माहेरच्या माणसांचा एक ग्रुप आहे. तो फोनवर असतो तसा संगणकावरही दिसावा अशी सोय मुलीने करून दिली होती. त्या दुपारी मी ग्रुप उघडून बघितला, कारण स्मृतिदिनाच्या जेवणाला किती पानं लागतील यावर तिथे चर्चा चालली होती. बघितलं, काही लिहिलं नाही, आणि डावीकडच्या वहीच्या पानावर आलो. पान थोडं मोठं केलं. मग सवयीने ऑल्ट-टॅब एकदा दाबलं. माझ्या हिशेबाने उजवीकडे माझी फाइल होती. पट्टीच्या हिशेबाने मी शेवटचा होतो तो ग्रुपमध्ये. तिने मला इमानदारीने तिथेच नेऊन सोडलं. चूक शोधायचीच तर तिची नव्हती.

मी नजर कॉपीवर ठेवून पूर्ण पान टाइप केलं. प्रत्येक ओळ संपली की एंटर. माझा वेग अजून चांगला आहे. जवळपास पंधरा मिनिटं मी बायकोच्या माहेरच्या तीसेक माणसांना ओळीओळीने हे पाठवत होतो:

"पुंजना."

"अर्थ."

"वाक्य. पुस्तकाइचा पुंजना घालून ठेवला घरात, दाना एक निंघत नाही."

"आखर."

"अर्थ."

"वाक्य. ढोरं आखरावर जमली, पन आमचे हे अजून चहाच पिऊन राहिले."

आणि पानाच्या शेवटी, जिथे अर्थ मी स्वतः भरला होता:

"हुंकरू."

"अर्थ. एक पक्षी. बहुधा तलावाकाठी आढळतो."

"वाक्य. हुंकरू दिवसभर एका जाग्यावर बसते. बोललं का हूं म्हनते. जवळ गेलं तरी उडत नाही."

या पक्ष्यासाठी मी बरीच मेहनत घेतली होती. आधीच्या पानावर तिने बगळे, टिटव्या असं बरंच लिहिलं होतं, त्यामुळे शंका नव्हती. कॉलेजात जाऊन पक्ष्यांची दोन जाड पुस्तकं चाळली. हूं असा आवाज करणारे पक्षी निघाले, पण दिवसभर एका जागी बसणारा आणि जवळ गेल्यावरही न उडणारा मिळेना. म्हणून 'बहुधा' घातलं. तो शब्द घातला की विद्वत्ता शाबूत राहते.

पान संपलं. नियमाप्रमाणे मी तेव्हाच उजवीकडे बघितलं.

तिथे माझी फाइल नव्हती, ग्रुप होता. मी घाईघाईने ते संदेश पुसायला घेतले. पुसायचे कोणासाठी, असं संगणकाने विचारलं. त्याने दिलेल्या दोन पर्यायांतला 'फक्त माझ्यासाठी' मी निवडला, कारण लाज माझी होती. एकेक ओळ गेली. स्क्रीन स्वच्छ झाली. मी सुस्कारा टाकून चहा ठेवायला उठलो.

परत आलो तर मेहुणीचा संदेश.

"भाऊजी, तब्येत बरी आहे ना?"

मी लिहिलं, "बरी आहे. का?"

"पुंजना म्हनजे काय ते तुम्हाले मालूम नाही? बाप्पा. सिहोऱ्याले येता तवा ज्याले टेकून पेपर वाचता ना, तो पुंजना. धान कापून भारे रचून ठेवतेत तो."

माझ्या स्क्रीनवर एकही ओळ नव्हती आणि तिच्या फोनवर सगळ्या होत्या, हे तेव्हा कळलं. मी पुसलं होतं ते फक्त माझ्या डोळ्यांपुढून.

पाठोपाठ तिचा दुसरा संदेश आला. "आखर म्हनजे सकाळी गावाभायेर ढोरं जमतेत ते जागा. ताईनं वाक्य बरोबर लिहिलं हो. तुमचा चहा मी बी पाह्यला आहे." मग तिच्या मुलीने हसणारी तोंडं पाठवली. मग एका मामेभावाने पुंजना कसा रचतात त्याचा फोटो टाकला. संध्याकाळपर्यंत त्या पानावरचे चार कोरे अर्थ भरून आले, जे मला दोन महिन्यांत जमलं नव्हतं. हुंकरूबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही. त्याच्याखाली नुसती हसणारी तोंडं, ओळीने नऊ.

मुलीचा फोन आला. "बाबा, ग्रुपवर काय करून राहिले तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. ती हसली नाही. तिने कोणती विंडो कोणत्या क्रमाने उघडली होती ते दोनदा विचारून घेतलं आणि म्हणाली, "तुमची चूक नाही. आमच्याकडं येतात ते लोकही हेच करतात. चालू विंडो ठळक दिसत नाही, पट्टी भलत्याच स्क्रीनवर येते. माणूस अडला तर मांडणी चुकली समजायचं."

तीस वर्षं मी ग्रंथालयात एक पाटी लावून ठेवली होती: 'वाचलेले पुस्तक स्वतः कपाटात ठेवू नये. टेबलावर सोडावे.' चुकीच्या फळीवर पुस्तक ठेवणाऱ्या किती पोरांना मी सर्वांसमोर उभं केलं असेल. कपाटांवरचे क्रमांक एवढे बारीक होते की मलाच चष्मा लावावा लागे; चूक पोरांची नसून त्या क्रमांकांची होती, हे मला निवृत्तीनंतर, एका फोनवर, पोटच्या मुलीने समजावलं.

तिने दुरूनच माझ्या संगणकात शिरून चालू विंडोला जाड निळी कड लावून दिली. "आता निळं दिसन तिथंच अक्षरं जातील. आणि ग्रुप बंद ठेवत जा टाइप करताना."

कड चांगली होती. ग्रुप मात्र मी बंद ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मेहुणीचा संदेश आला: "भाऊजी, आज पान नाही टाकलं? मावशी बसली आहे वाट पाहत." मावशी आता म्हातारपणी सिहोऱ्याला मेहुणीकडेच राहते. तिला वाचता येत नाही. मेहुणी तिला ओळी वाचून दाखवायची आणि मावशी अर्थ सांगायची.

मी डावीकडचं पान मोठं केलं, ऑल्ट-टॅब दाबलं, निळी कड ग्रुपला लागल्याची खात्री करून घेतली, आणि जाणूनबुजून चुकीच्या विंडोत टाइप करायला बसलो. त्यानंतर रोज चार वाजता. कधी मेहुणी उत्तर लिहायची, कधी मावशीचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. उतेरा शब्द मावशीने सांगितला. धान उभं असते तवाच त्याच्यात लाखोरीच्या डाळीचं बी फेकून देतेत, धान कापलं का मागच्या ओलीवर ते उगवते, तो उतेरा. मागून मेहुणीचा आवाज, वालाच्या शेंगांबद्दल: "पोपटबी टाकतेत." मावशी: "पोपट तुह्या सासरी. आमच्याकडं लाखोरीच." मग दोघींचं बराच वेळ त्यावरच चाललं आणि मी ते सगळं टाइप करून घेतलं, कारण बायकोने तेच केलं असतं.

तेवीसपैकी बावीस अर्थ भरून झाले. छापखान्याची तारीख तीन दिवसांवर आली. राहिला माझा पक्षी. मी मेहुणीला लिहिलं, "हुंकरूचा अर्थ बरोबर आहे का? पक्षी नक्की कोणता?"

"जाऊ द्या ना भाऊजी."

"छापायचं आहे. चुकीचं जायला नको."

"पाखरू नाही ते."

"मग काय आहे?"

"मले नका विचारू. ताई हासायची तो शब्द बोलून, एवढंच."

मी मुलीला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला मीटिंग आहे," आणि रविवारी कोणाची मीटिंग नसते एवढं मला कळतं. मी पुन्हा ग्रुपवर लिहिलं, जरा अधिकारवाणीने, की संपादनाची जबाबदारी माझी आहे आणि ज्याला माहीत असेल त्याने सांगावं. मग मावशीचा आवाज आला. मेहुणी मागे "मावशी, नको ना वं" म्हणत होती.

"काहून नको? बाप्या एवढा विचारून राहिला तं सांगा लागन." मग मोठ्याने, मी बहिरा असल्यासारखं: "जवाई, आयकून राहिले का? ते कोनतं पाखरू गिखरू नाही. आमची पोरगी इथं आली का तुमाले म्हनायची. माह्या घरी एक हुंकरू आहे म्हने. तुमीच होय ते."

मी तो संदेश दोनदा ऐकला. मग वहीच्या त्या पानाकडे बघितलं. दिवसभर एका जाग्यावर बसते. बोललं का हूं म्हनते. या माणसाला मी दोन जाड पुस्तकांत शोधलं होतं, तलावाकाठी. आणि अर्थाच्या जागी ती एवढ्यासाठीच थांबली असावी की तो तिला ठाऊक होता.

मुलगी म्हणाली, नोंद काढून टाकू. मेहुणी म्हणाली, राहू द्या पण अर्थ कोरा ठेवा, लोक हसतील. मी दोन दिवस त्या एका ओळीवर बसून राहिलो. बसून राहण्यात माझा हात कोण धरेल? शेवटी पक्षी खोडला, 'बहुधा' खोडलं आणि लिहिलं: "अर्थ. घरातला एक माणूस. ऐकतो, पण उशिरा." तिचं वाक्य आहे तसंच ठेवलं. या वेळी लिहिताना मी कॉपीकडे बघत नव्हतो. उजवीकडच्या स्क्रीनवर एकेक अक्षर उमटताना बघत होतो, कच्च्या माणसासारखा.

स्मृतिदिनाला मेहुणीने मावशीला भंडाऱ्याला आणलं. वंदना झाली, पुस्तिका वाटल्या गेल्या. माणसं पानं उलटत होती, आणि कोण कुठल्या पानावर पोचलं ते मला हसण्यावरून कळत होतं. मी भिंतीशी खुर्चीवर बसलो होतो. मावशी काठी टेकत आली, शेजारी बसली आणि पुस्तिका माझ्या मांडीवर ठेवली.

"मले वाचता येत नाही. तुमचं नाव कुठं आहे ते दाखवा."

मी पान काढून तिचं बोट त्या शब्दावर ठेवलं. तिने बोट थोडा वेळ तिथेच ठेवलं.

"अन् पोरीनं काय लिहिलं ते वाचून दाखवता?"

"हूं," मी म्हणालो.

आजूबाजूचे सगळे हसले, मेहुणी तर तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. मावशी हसली नाही. ती माझ्या आणखी जवळ सरकून कान देऊन बसली, आणि मी वाचायला सुरुवात केली.